पहिली वीस पाने

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजच्या विषयाची सुरुवात मी आमच्या घरातल्या एका कपाटापासून करणार आहे. लोखंडी, जुने, दार ओढताना करकरणारे कपाट. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात माझ्या सात वह्या पडून आहेत. एकीत कादंबरी आहे, अकरा पानांची. एकीत मुलांसाठीचे नाटक आहे. त्याचा पहिला प्रवेश झकास जमलाय, दुसरा नाहीच. एकीत आमच्या गल्लीवरचे ललित लेख आहेत, दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. या भाषणाच्या तयारीसाठी मी त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि पाने मोजली. एकही वही विसाव्या पानापुढे गेलेली नाही.

वेळ मिळाला नाही, असे म्हणायची सोय नाही. कारण त्याच वर्षांत माझे तीन कवितासंग्रह निघाले. विषय आटला होता म्हणावे, तर दोन वह्यांच्या शेवटच्या पानावर पुढच्या प्रकरणांची यादी लिहून ठेवलेली आहे. मग या वह्या थांबल्या कशा? त्याचाच विचार गेली काही वर्षे करतो आहे, आणि नवे लिखाण हाती घेणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल असे वाटते. आत्मचरित्र लिहायला बसलेले निवृत्त शिक्षक असोत, प्रबंधाचे पहिले प्रकरण उघडून बसलेली विद्यार्थिनी असो, नाहीतर संस्थेचा सुवर्णमहोत्सवी इतिहास गळ्यात पडलेला एखादा सेक्रेटरी असो. दुखणे एकच आहे.

आधी कवीचे सांगतो. कविता हे कमी अंतराचे धावणे. मी एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो, मिरज-सांगली रोजचे जाणे-येणे. कितीतरी कविता मला एसटीत उभ्याउभ्या सुचल्या, आणि घरी पोचेपर्यंत पूर्ण झाल्या. तासभर मन एका ठिकाणी राहिले की कवितेचे काम भागते. तेवढी एकाग्रता आपल्या सगळ्यांकडे असते. भाजी निवडणाऱ्या बाईकडे असते, पत्ते खेळणाऱ्यांकडे तर भरपूर असते. गद्याचे मोठे लिखाण मात्र वेगळे काहीतरी मागते. आज तासभर बसलात, उत्तम. पण उद्या, परवा आणि पुढच्या महिन्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी तुम्ही त्याच वहीकडे परत येणार का? लक्ष टिकवणे म्हणतात ते हे परत येणे आहे. आणि पहिल्या वीस पानांत परत येणे सर्वांत अवघड असते.

त्याचे कारण साधे आहे. पन्नास पाने झालेले लिखाण स्वतःच तुम्हाला ओढते. पात्रे ओळखीची झालेली असतात, पुढे काय लिहायचे ते मागच्या पानावरून कळते. सुरुवातीला यातले काही नसते. प्रत्येक वाक्याला निर्णय घ्यावा लागतो. ‘मी’ म्हणून लिहू की ‘तो’ म्हणून? जन्मापासून सुरू करू की मरणापासून? निर्णय घेऊन डोके थकते, आणि थकलेल्या डोक्याला पळवाट हवी असते. नेमक्या त्याच वेळी दारात एक नवी, ताजी, सुंदर कल्पना येऊन उभी राहते. ती सुंदर दिसते याचे कारण ती अजून लिहिलेली नसते. तिच्यावर खाडाखोड झालेली नसते. माझ्या सातही वह्या अशा आठव्या वहीच्या मोहात पडून राहिल्या. मोबाईल, टीव्ही, शेजारच्या लग्नाचा बँड यांना आपण उगीच दोष देतो. लेखकाला सर्वांत जास्त हलवते ती त्याची स्वतःची दुसरी चांगली कल्पना.

याची किंमत मी एकदा फार मोजली. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे वडील मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात कारागीर होते. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, हे आपण जाणताच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भीमाकाठचे भोपळे येतात, ते वाळवून कापतात, दांडी जोडतात, पॉलिश होते, तारा चढतात. आणि शेवटी जवारी लावायची. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीने इतका अल्लाद घासायचा, की तार छेडली की सूर नुसता वाजू नये, गुंजत राहावा. घोडी आणि तार यांच्यामध्ये एक दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. अब्बांचे हे काम. मोजायला पट्टी नाही की यंत्र नाही, सगळा कानाचा हिशेब.

अब्बा गेल्यावर त्यांच्यावर पुस्तक लिहायचे मी ठरवले. २०१९ सालची गोष्ट. अब्बांचे कारखान्यातले जोडीदार तेव्हा हयात होते, ऐंशीच्या घरातले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दोन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो, बारा पाने टिपणे झाली. मी विचारले, ‘चाचा, जवारी पूर्ण झाली हे अब्बांना कळायचे कसे?’ ते हसले. म्हणाले, ‘ये बाता मुँ से नै हुती बेटा. बाजा हात में लेको बैठेंगे, तब बताता.’ वाद्य हातात घेऊन बसू, मग सांगतो.

त्या आठवड्यात एका संपादकांचा फोन आला, दिवाळी अंकासाठी कविता हवी होती. कविता लिहिता लिहिता एक दीर्घकविता सुचली. मग तिच्यामागे लागलो. चाचांना म्हटले, ईदनंतर येतो. पुढचे वर्ष २०२०, सगळ्यांचेच दरवाजे बंद झाले. २०२१ मध्ये चाचा गेले. दीर्घकविता काही पूर्ण झाली नाही. ती कपाटातली सातवी वही.

कुणी म्हणेल, यात लक्ष टिकवण्याचा काय संबंध, काळच तसा होता. खरे आहे. पण टाळेबंदीच्या आधी मला चार-पाच महिने मिळाले होते, आणि चाचांचे घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते.

२०२३ साली मी ते पुस्तक पुन्हा सुरू केले. या वेळी थोडा शहाणा झालो होतो. पहिली गोष्ट केली ती म्हणजे एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून वहीच्या आतल्या बाजूला चिकटवले: ‘हे पुस्तक अब्बांच्या कानाविषयी आहे.’ एवढेच. वाक्य गोड नाही, पण फार कामाचे निघाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, ओळखीचे लोक म्हणू लागले, ‘तुम्ही लिहिताच आहात तर या सगळ्या धंद्याचा इतिहास लिहा, दीडशे वर्षांचा.’ मलाही हुरूप आला. दोन दिवस मी मनातल्या मनात सहाशे पानांचा ग्रंथ लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी वही उघडली, चिठ्ठी दिसली. धंद्याचा इतिहास हा चांगला विषय आहे. कुणीतरी लिहावा. माझ्या पुस्तकाचा तो विषय नव्हता.

मग अशा चांगल्या विषयांचे करायचे काय? दाबून टाकले तर ते रात्री झोपू देत नाहीत. त्यासाठी मी दुसरी वही केली, पातळ, शाळेतल्या मुलांची असते तशी. घरात तिला ‘पळपुट्यांची वही’ म्हणतात. लिहिताना कुठलाही दुसरा विचार आला, मग ती कविता असो की विजेचे बिल भरायचे राहिलेले असो, तो त्या वहीत एका ओळीत जातो, आणि कधी बघायचे तेही लिहितो: ‘रविवारी दुपारी’. हा उपाय मला अनुभवातून सापडला, पण त्याला शास्त्राचा आधार आहे असे नंतर वाचनात आले. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेल्या कामांची आठवण करून देऊन त्यांनी लोकांना कादंबरीचा उतारा वाचायला दिला. साहजिकच मधेमधे ती कामे डोक्यात घुसत होती. ज्यांना मात्र आधी त्या कामाची नेमकी योजना लिहायला सांगितली, त्यांना हा त्रास फारसा झाला नाही. काम झालेले नव्हतेच. ते कधी आणि कसे होणार एवढे ठरले, तरी मन त्याचा पिच्छा सोडते. म्हणून ‘रविवारी दुपारी’ हे दोन शब्द महत्त्वाचे. नुसती यादी पुरत नाही.

रविवारी ती वही उघडली की मौज वाटते. ज्या कल्पनेसाठी गुरुवारी पुस्तक सोडून देणार होतो, ती दहांतल्या नऊ वेळा रविवारी अगदीच सामान्य दिसते. दहावी खरी असते. ती थांबायला तयार असते.

आता मोबाईलविषयी. मघाशी मी त्याला निर्दोष ठरवले, पण पूर्ण सोडणार नाही. सोफी लरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ साली दाखवून दिले, की एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. दुसऱ्या कामाला उरलेले मन मिळते. आपण म्हणतो, ‘मिनिटभर मेसेज बघितला.’ मिनिट मेसेजचे, पण शेपूट पुढे बराच वेळ वळवळत राहते. जुन्या लिखाणात हे खपून जाते, कारण कालचे पान तुम्हाला पुन्हा रुळावर आणते. नव्या लिखाणाला रूळच नसतात. माझा उपाय अगदी गावठी आहे. लिहायच्या वेळी फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. बायको म्हणते, त्यामुळे तिचे लक्ष जाते!

लोक म्हणतात, एवढ्या खटपटींपेक्षा एकांत मिळाला की झाले. उदाहरणे तुरुंगाची देतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण टिळकांच्या मनात गीतेचा विचार कित्येक वर्षे घोळत होता, आणि गुरुजींची आई १९१७ सालीच गेली होती. सोळा वर्षे ते पुस्तक आत तयार होत होते. तुरुंगाने कागदावर उतरायला जागा दिली. माझ्यासमोर खरे उदाहरण आहे ते बेबीताई कांबळे यांचे. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून, गिऱ्हाईक सांभाळत त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेआड ठेवत. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून यायला १९८६ साल उजाडले. एकांत नाही, टेबल नाही, कौतुक तर नाहीच. तरी त्या कागदांकडे परत येत राहिल्या.

लपवून ठेवणे त्यांना परिस्थितीने भाग पाडले. तुम्हाआम्हाला ते काही अंशी मुद्दाम करावे लागेल. साहित्यिक कार्यक्रमात चहाच्या वेळी हमखास प्रश्न येतो, ‘सध्या काय लिहिताय?’ आणि आपण बशीत बिस्किट भिजेपर्यंत सगळे पुस्तक सांगून मोकळे होतो. समोरचा ‘वा!’ म्हणतो. ते ‘वा’ फार महाग पडते. पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली यावर अभ्यास केला आहे. आपल्या ओळखीशी जोडलेला संकल्प, म्हणजे मी चांगला वकील होणार, मी अमुक होणार, दुसऱ्या कुणीतरी जाणून घेतला, की माणूस त्यासाठी प्रत्यक्षात कमी कष्ट घेतो असे त्यांना आढळले. होण्याआधीच झाल्याचे थोडे समाधान मिळून जाते. मी आता एवढेच सांगतो, ‘गद्य काहीतरी चाललंय.’ लोकांना वाटते, याचे काही चाललेले नाही. वाटू दे.

एका माणसाला मात्र हिशेब द्यावा. पुस्तकात काय आहे ते सांगायचे नाही, पाने किती झाली तेवढे सांगायचे. माझी अम्मी रोज रात्री विचारते, ‘कित्ता हुआ?’ तिला मराठी पुस्तक वाचता येत नाही, पण ‘अर्धे पान’ आणि ‘काही नाही’ यातला फरक तिला बरोबर कळतो.

अर्धे पान हेच माझे रोजचे माप आहे. यावर हसू नका. अँथनी ट्रोलप नावाचे इंग्रज कादंबरीकार होऊन गेले. नोकरी पोस्टात. ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पत्रपेटी रुजवण्याचे श्रेयही त्यांना देतात. ते पहाटे साडेपाचला लिहायला बसत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द असा दंडक, आणि रोजच्या पानांची वहीत नोंद. उठवायला येणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत. अशा शिस्तीत त्यांनी सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८३ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या आत्मचरित्रात हा हिशेब वाचून रसिकांचा विरस झाला. प्रतिभा घड्याळावर चालते म्हणजे काय! मलाही तरुणपणी तसेच वाटायचे. आता मला त्या पाच पौंडांचे अप्रूप वाटते. स्वतःच्या इच्छेवर भरवसा नाही, हे त्या माणसाने पैसे मोजून कबूल केले होते.

पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द मला या जन्मी जमणार नाहीत. मी फजरच्या नमाजनंतर बसतो, गल्लीत दूधवाला यायच्या आधी अर्धे पान होते. रमजानमध्ये सहेरीनंतर हाच क्रम राहतो. माप लहान ठेवायचे कारण असे, की चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी डोंगरासारखा समोर उभा राहू नये. रोज पाच पानांचा संकल्प करणारा तिसऱ्या दिवशी बारा पानांचा कर्जदार होतो आणि कर्जदार सावकाराच्या दारावरून जात नाही, तसे तो वहीच्या बाजूला फिरकत नाही.

आणखी एक युक्ती हेमिंग्वेची. पुढे काय येणार हे माहीत असतानाच थांबायचे, असे ते सांगत. म्हणजे विहीर रिकामी करून उठायचे नाही. मी वाक्य अर्धे ठेवूनच उठतो. ‘अब्बांनी कानस खाली ठेवली आणि’ एवढे लिहून चहा. दुसऱ्या दिवशी त्या ‘आणि’ला बोट धरून सुरुवात होते. कुर्ट लेविन यांच्या बर्लिनमधल्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली म्हटले होते, की अर्धवट कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. ते नंतर सगळ्यांच्या प्रयोगात सिद्ध झाले नाही. पण त्यांच्याच सहाध्यायी मारिया ओव्ह्स्यांकिना यांचा निष्कर्ष जास्त पक्का ठरला: मधेच थांबवलेले काम माणूस, कुणी सांगितले नाही तरी, पुन्हा हाती घेऊ पाहतो. आपल्याला नेमके तेच हवे आहे.

कवींसाठी एक खास इशारा. पहिले पान पुन्हा पुन्हा लिहू नका. कवितेत एकेक शब्द घासायची आपल्याला सवय. मी या पुस्तकाचे पहिले पान चौदा वेळा लिहिले होते, आणि पंधराव्यांदा बसलो तेव्हा अब्बांचीच आठवण झाली. जवारी शेवटी लावतात. भोपळा कापायच्या आधी घोडी घासत बसलेला कारागीर मी कधी पाहिला नाही. तेव्हापासून वीस पाने होईपर्यंत मागे वळून वाचायचे नाही, असा नियम केला. पहिली पाने वाईट आहेत हे मला ठाऊक आहे. ती वाईट राहू दिली.

आणि प्रत्येक वही पूर्ण झालीच पाहिजे असाही हट्ट नको. माझ्या सातांपैकी चार वह्या मेल्या ते बरेच झाले. ती कादंबरी तर देवाची कृपा म्हणून थांबली. फक्त सोडायचा निर्णय विसाव्या पानानंतर घ्यावा. त्याआधी जो कंटाळा येतो तो विषयाचा नसतो, सुरुवातीचा असतो. दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

अब्बांच्या पुस्तकाची आता एकशे दहा पाने झाली आहेत. चौतिसाव्या पानानंतर मी दोन पाने कोरी सोडली आहेत. जवारी पूर्ण झाली हे कानाला कळते कसे, त्याची ती जागा. चाचांकडून ते मिळाले नाही. आमच्या मागच्या गल्लीत आणखी एक वृद्ध कारागीर आहेत, अब्बांपेक्षा वयाने लहान, पण त्याच कामातले. येत्या गुरुवारी सकाळी तंबोरा समोर ठेवून बसायला ते कबूल झाले आहेत. त्याच दिवशी एका कविसंमेलनाचे निमंत्रण आले होते, मानधनासह. ते पळपुट्यांच्या वहीत लिहून ठेवले आहे.